आईच्या भांडणाला मिळालेली नामांकनं

ट्रॉफ्या पुसायचा मला मनापासून कंटाळा आहे. माझ्याकडे दोन आहेत. दोन्ही सोनेरी, दोन्ही जड, आणि दोन्हींना इतक्या खाचा की बनवणाऱ्यानं जन्मात कधी फडकं हातात धरलं नसावं. घरकामाला येणारी दीदी त्यांना हात लावत नाही. एकदा तिच्या हातून एकीचा पंख निखळला आणि मी तिला नको ते बोलले. मग दोन दिवस ती आली नाही आणि भांडी मी घासली. मी चिडकी आहे हे आधीच सांगून टाकते, पुढे कळणारच आहे.

ट्रॉफ्यांखेरीज नामांकनांची प्रमाणपत्रं आहेत. ती एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये पडून आहेत. नामांकन हा काय प्रकार असतो ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: लग्नाचं आग्रहाचं आमंत्रण द्यायचं, आणि पंगत बसली की ताट दुसऱ्याला वाढायचं. आपण भारीतली साडी नेसून पुढच्या रांगेत बसायचं. पाच नावं वाचतात. आपलं आलं की कॅमेऱ्याकडे बघून हसायचं. मग बक्षीस दुसऱ्याच कुणाला जाहीर झालं की त्याहून जास्त हसायचं, कारण कॅमेरा अजून तिथेच असतो. पुढच्या रांगेत मी अशी तीनदा बसलेय. त्यातल्या दोनदा बक्षिसाला माझंच नाव आलं. खरं सांगू का, पाय दोन्ही वेळेला तितकेच दुखतात.

मी टीव्हीसाठी विनोदी मालिका लिहिते. हिंदीत लिहिते, आणि जबलपुरात बसून लिहिते. बाबा तरुणपणी नागपूरकडून इथल्या सरकारी कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, असंच मी वाढले. विचार मराठीत करते, पोट हिंदीवर भरते आणि चिडले की दोन्हींत चिडते. पंधरा वर्षं मुंबईत राहून मालिका लिहिल्या. सहा वर्षांपूर्वी बाबा गेले, आई एकटी पडली, म्हणून परत आले. लग्न हा विषय आमच्या घरात त्याआधीच दमून बसला होता, त्यामुळे परत यायला अडचण काही नव्हती. वरच्या खोलीत टेबल टाकलं. मुंबईची माणसं लॅपटॉपवर भेटायची. खाली आई.

नर्मदेवर ग्वारीघाटाला बाबांचे अंत्यविधी उरकल्यावर बाबांचा फोटो कमानिया गेटजवळच्या एका दुकानातून मढवून आणला. चांगला फोटो त्यांनी कधी काढूनच घेतला नव्हता. शेवटी कारखान्याच्या ओळखपत्रावरचा मोठा करून घेतला. त्यामुळे त्यात बाबा पहारेकऱ्यानं गेटवर अडवल्यासारखे दिसतात. आईनं स्वतः खिळा ठोकून घेतला आणि हार घातला.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता खालून आईचा आवाज आला. कुणाशी तरी कडाक्याचं भांडण चाललं होतं. मी धावत अर्धा जिना उतरले, तर आई हातात चहाचा कप घेऊन फोटोसमोर बसली होती.

"सिलेंडरचा नंबर कुठं लिहून ठेवला तुम्ही? सारं कपाट पालथं घातलं मी. जिते होते तेव्हा विचारलं की ऐकू नाही यायचं. आता तर काय, बहाणाच भेटला तुम्हाला!"

मी जिन्यातच बसले. हसूही आलं आणि रडूही कोसळलं. बाबा गेल्यापासून मी तेव्हा पहिल्यांदा रडले. आईला मी दिसले नव्हते. तिनं दहा मिनिटं त्यांना फैलावर घेतलं, मग "चलो, जाऊ द्या," म्हणाली, गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि पदर खोचून कामाला लागली.

मग हे रोजचं झालं. चार वाजले की चहा, आणि चहाबरोबर भांडण. विषयांना तोटा नव्हता. विकायची विकायची म्हणून न विकलेली स्कूटर. कुणाला तरी वापरायला दिलेली आणि परत न आलेली शिडी. एकदा भेडाघाट निघालं, नर्मदेच्या संगमरवरी कड्यांमधून नावेनं फिरायची जागा. "चाळीस वर्षं म्हणत राहिले, गावातच तर आहे, केव्हाही जाऊ. नागपूरचे पाहुणे आले की त्यांना बरोबर नेलं. मला काहून नेलं? त्यांचे डबे सांभाळायला! ते नावेत बसले अन् मी वर पिशव्यांपाशी." हे भांडण तिनं तीन दिवस पुरवलं. चौथ्या दिवशी नवा विषय.

भांडून झाल्यावर आई बरी असायची. जेवायची, शेजारच्या काकूंशी बोलायची, रात्री तिला झोप लागायची. ज्या दिवशी कुणी आलं-गेलं आणि चारचं भांडण हुकलं, त्या दिवशी ती संध्याकाळभर या खोलीतून त्या खोलीत फिरायची. हे माझ्या लक्षात आलेलं होतं, म्हणजे मी आंधळी नव्हते. तरी तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मी जिन्यात वही घेऊन बसायला लागले. हेही खरंच आहे आणि ते लिहिताना आजही मला लाज वाटते.

त्या वेळी आमची मालिका शेवटच्या घटका मोजत होती. एका लहान शहरातलं एकत्र कुटुंब, त्यातली भांडखोर आजी, तिचा नवरा, मुलं, सुना. असल्या शंभर मालिका येतात आणि जातात. निर्मातीबाई लॅपटॉपवर डोक्याला हात लावून म्हणाल्या, "कुछ घर का दो यार, कुछ सच्चा." पडत्या फळाची आज्ञा. मी त्या आजीच्या नवऱ्याला एका भागात मारलं आणि पुढच्या भागात भिंतीवर टांगलं. ते काम करणारा म्हातारा नट माझ्यावर रागावला, पण फोटो काढून घ्यायला मात्र नवा सदरा घालून आला. आजीनं फोटोला पहिला प्रश्न विचारला तो सिलेंडरच्या नंबरचा.

महिन्याभरात मालिका पायावर उभी राहिली. लोक त्या फोटोसाठी बघायला लागले. आजीचं काम करणारी बाई मोठी कसलेली. हातात कप, मान तिरकी, एक भुवई वर. मी लिहिलेलं वाक्य ती अशी टाकायची की मीच लिहिलंय हे मी विसरायचे.

आईनं तो पहिला भाग शेजारच्या काकूंबरोबर पाहिला. मी मागे उभी होते, कारण तिला विचारलं नव्हतं. सिलेंडरचं वाक्य आलं तशी आई खो खो हसली. "अगं, हे तर माझंच आहे की! माझं सिलेंडर टीव्हीवर!" काकूंनी टाळी दिली. मला सुटल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी चार वाजता आईनं भांडायच्या आधी खोलीचं दार लोटून घेतलं. ते मी पाहिलं आणि त्यावर फार विचार केला नाही.

वर्षअखेरीला पहिलं नामांकन आलं. मालिकेला, त्या बाईला आणि मला. इथल्या एका वर्तमानपत्राच्या माणसानं फोन केला. मी फुशारकीत सांगून बसले की ती आजी म्हणजे माझी आई आणि तो फोटो म्हणजे माझे बाबा. हात दाखवून अवलक्षण. दुसऱ्या दिवशी आईच्या फोटोसकट छापून आलं. मग भाजीवाल्या भैयापासून सगळे तिला विचारायला लागले, "माताजी, आज साहब को क्या डाँट पड़ी?" आई हसून वेळ मारून न्यायची. कौतुकानंच विचारत होते लोक, त्यात वाईट कुणाच्या मनात काही नव्हतं. आणि तक्रार करायची तरी कुणाकडे? आपलेच दात, आपलेच ओठ.

तिचा आवाज त्या दिवसांत बारीक झाला. दारापलीकडून पुटपुटल्यासारखं ऐकू यायचं. मी काय केलं असेल? मी दोन पायऱ्या खाली सरकून बसले.

त्या वर्षी बक्षीस मिळालं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा नामांकनं आली, आणि या वेळी इथल्या मराठी मंडळानं माझा सत्कार ठरवला. मंडळ म्हणजे आमच्यासारखी जुनी घरं, बँकेत आणि कॉलेजात बदलून आलेली नवी मंडळी, आणि मराठी सगळं समजणारी पण उत्तर हिंदीत देणारी त्यांची मुलं. बाबा मंडळाचे जुने सभासद. गणपतीत सतरंज्या घालायच्या आणि उचलायच्या हे काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. भाषण एकही केलं नाही.

सत्कार रविवारी सकाळी अकराला होता. साडेनऊला मंडळाच्या दोन काकू आईला न्यायला आल्या. त्यांतली एक तयारीसाठी लगेच पुढे निघाली. जाताना ती मला म्हणाली, "बाबांचा फोटो पण दे गं. त्यांना पण मान द्यायचा आहे न." मला भरून आलं. मंडळाच्या कार्यक्रमात गेलेल्या माणसाचा फोटो ठेवून त्याला हार घालतात, त्यात नवं काही नाही. मी स्वतः खिळ्यावरून फोटो काढून, पुसून, तिच्या हातात दिला. आई आत साडीला पिन लावत होती.

सभागृहात पोचलो तर व्यासपीठावर तीन खुर्च्या. एक माझी, एक आईची, आणि मधल्या खुर्चीवर बाबा. त्यांना शालसुद्धा पांघरली होती, फ्रेमच्या दोन्ही कोपऱ्यांवरून, नीट खांदे असल्यासारखी. समोर नारळ. आई दारातच थबकली. मग काकूंनी हाताला धरून तिला वर नेलं.

माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि भेडाघाटच्या संगमरवरात कोरलेलं एवढं जड स्मृतिचिन्ह की ते देणाऱ्याचे आणि घेणारीचे, दोघांचेही हात खाली गेले. आईला साडी दिली. मी चार शब्द बोलले, सगळं श्रेय आईला दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं संपलं.

मंडळाचे सचिव, बँकेतून निवृत्त झालेले एक प्रेमळ काका, माइकवर आले. "आता सर्वांच्या आग्रहास्तव, आमच्या वहिनी, ज्यांच्यामुळे हे सगळं घडलं, त्या आपल्या नेहमीच्या पद्धतीनं आमच्या भाऊंशी दोन शब्द बोलतील." आणि त्यांनी माइकचा स्टँड उचलून आईच्या आणि फोटोच्या मध्ये आणून ठेवला. उंची कमी केली. फुंकर मारून पाहिली.

समोर सगळीकडे मोबाइल वर झाले. आईनं माझ्याकडे पाहिलं. तिला काय हवं होतं ते मला तेव्हा कळलं होतं. उठून "काका, राहू द्या" म्हणायला दोन सेकंद लागले असते. एरवी दीदीवर, रिक्षावाल्यावर, फोनवरच्या कंपनीवाल्यावर वाट्टेल तेव्हा ओरडणारी मी, तिथे खांद्यावर शाल घेऊन बसून राहिले आणि मान हलवली. हो म्हणून हलवली. बोल एखादं वाक्य, म्हणून.

आई फोटोकडे वळली. पदर सारखा केला. म्हणाली, "एवढी वर्षं सतरंज्या उचलल्या तुम्ही, तेव्हा कोणी बस नाही म्हटलं. आता खुर्ची भेटली तर कसे ऐटीत बसून राहिले, पाहा."

सभागृहात हशा कोसळला. मागच्या रांगेतली मुलं शिट्ट्या वाजवायला लागली. सचिवकाका डोळे पुसत होते, हसून हसून. आई आणखी काही तरी बोलत होती, ओठ हलताना मला दिसले, पण ते त्या हशात कुणालाच ऐकू गेलं नाही. मलाही नाही. मग ती खाली बसली. नंतर बटाटेवडा आणि श्रीखंड होतं.

घरी आल्यावर मी फोटो पुन्हा खिळ्यावर लावला. त्या वर्षी मला बक्षीस मिळालं. आजीचं काम करणाऱ्या त्या बाईलाही मिळालं, मालिकेलाही. मी माइकवर आईचे आभार मानले आणि त्या बाईनंही मानले. दुसऱ्या दिवशी घरी आले तर आईनं दारात ओवाळलं, ट्रॉफी हातात घेऊन "बाप रे, किती वजन," म्हणाली. मी ती बाबांच्या फोटोखाली टेबलावर ठेवली. शहाणपणा बघा माझा. आठ दिवसांनी दीदीच्या हातून ती वर माझ्या खोलीत पोचली, "खाली धूळ फार येते" असा निरोप घेऊन.

यानंतर मालिका आणखी जोरात चालली. तिसरी नामांकनं आली, दुसरी ट्रॉफी आली. मी लिहीत होते. एक दिवस लिहायला बसले आणि वही उलटून पाहिली तर सगळं वापरून झालं होतं. म्हणून दुपारी चारला वही घेऊन जिन्यात जाऊन बसले. खाली चहा गाळल्याचा आवाज आला. मग टीव्हीवरच्या बातम्या. बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मला काळजी वाटायला लागली, की हिला बरं नाही की काय. चौथ्या दिवशी वर जाऊन वहीतली शेवटची नोंद काढून पाहिली. ती सत्काराच्या आदल्या आठवड्यातली होती.

मध्ये दीड वर्ष गेलं होतं. दीड वर्ष माझ्या घरात माझी आई गप्प होती आणि मला पत्ता नव्हता, कारण माझ्या वहीत साठा होता.

मग सगळं दिसायला लागलं. आई सोज्वळ झाली होती. दूध पातळ आलं तरी दूधवाल्याला काही म्हणायची नाही. दीदीनं खाडा केला तरी "असू दे, तिला काम असेल." संध्याकाळी दिवे लावायचे राहून जायचे, मीच खाली येऊन लावायचे. रक्तदाबाची गोळी वाढली होती, रात्रीची झोप गेली होती. डॉक्टर म्हणाले, वयानं होतं. मीही तेच म्हणत होते. भांडखोर बाई एवढी गुणी झाली की घर परकं वाटायला लागतं, पण मला तेही कळायला वही संपावी लागली.

मी माझ्या परीनं धडपडले. चारच्या सुमाराला घराबाहेर पडायला लागले, फिरायला जाते म्हणून, म्हणजे तिला एकटीला मोकळं वाटेल. तासाभरानं परत आले की फोटो पुसलेला असायचा, हार सरळ असायचा आणि आई टीव्हीसमोर. वही फाडून टाकली आणि तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "काहून फाडली? मागची पानं कोरी होती न."

मालिकेतूनही मी फोटो काढला. घराला रंग द्यायचा म्हणून फोटो उतरवला आणि तो परत लावायचा राहून गेला, असं लिहिलं. तीन भाग तसेच गेले. चौथ्या भागाला चॅनलवरून फोन आला. फोटो म्हणजे कार्यक्रमाचा जीव आहे, काय चाललंय काय? मी म्हटलं, मी यापुढे फोटोचा प्रसंग लिहिणार नाही. मला वाटलं होतं वाद होईल, समजूत घालतील, मी ओरडेन. कुणी आवाज चढवला नाही. मोठ्या गोडीनं म्हणाले, "ठीक है दीदी, आप बाक़ी लिखिए." आणि फोटोचे प्रसंग मुंबईतल्या दुसऱ्या दोघांकडे गेले. आमचं घर त्यांनी कधी पाहिलेलं नाही. करारानुसार नाव मात्र माझंच जातं. फोटो परत भिंतीवर आला. ते दोघं बरं लिहितात. माझ्यावाचून काही अडलं नाही, आणि आईलाही त्यातून काही परत मिळालं नाही.

या जानेवारीत पुन्हा ईमेल आली. सर्वोत्कृष्ट विनोदी लेखन, नामांकन, माझं नाव. खाली भागाचा क्रमांक. उघडून पाहिला तर फोटोचा भाग, मी न लिहिलेला. रागसुद्धा आला नाही, एवढं थकायला झालं होतं.

खाली आले. आई व्हरांड्यात उन्हाला बसून मटार सोलत होती. या दिवसांत इथे मटार पोत्यानं येतो आणि आई अजूनही दोघींच्या घरासाठी पाच किलो घेते. मी समोर बसले, मूठभर शेंगा ओढल्या.

"नामांकन आलं, आई."

"अच्छा. कोणत्या भागाला?"

"तो, आजी फोटोला इस्त्रीवरून बोलते तो. मी नाही लिहिलेला."

"पाह्यला मी. चांगला होता." ती दोन शेंगा सोलेपर्यंत थांबली. "पण त्यांनी फोटो लई वर टांगला आहे. ती बाई मान वर करून भांडते. देवाशी बोलून राहिल्यासारखी. मी खिळा ठोकून घेतला तेव्हा खुर्चीवर बसून मोजून घेतला होता. माणूस समोर बसला तर जितका येईल, तितकाच."

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं जिन्यातून कान लावून मी तिचं बोलणं टिपलं आणि फोटो इतका खाली का आहे हे एकदाही विचारलं नाही.

"आई," मी म्हटलं, "तू बाबांशी बोलत का नाहीस आता? माझ्यामुळेच ना?"

"नाही गं."

"खरं सांग."

"बोलून पाह्यलं मी." तिनं दाणे परातीत लोटले. "तू फिरायला जाते न चारला, मला का समजत नाही काहून जाते ते? रोज बसते मी त्यांच्यासमोर. दोन वाक्यं बोलते अन् थांबून जाते."

"का?"

"टीव्हीवरची ती बाई थांबते न. बोलते, अन् मग लोकांचं हसून होईस्तोवर थांबते. तशीच मी थांबते. मग ध्यानात येतं, इथं तर कोणी हसून नाही राहिलं."

मी तिचा हात धरायला गेले, पण तिच्या हातात शेंग होती, ती तिनं आधी सोलली.

"तुझे बाबा माझ्या बोलण्यावर कधीच हसले नाहीत," आई म्हणाली. "चाळीस वर्षांत एकदा पण नाही. मी रागावली की त्यांना खरंच वाटायचं, ही रागावली. मान खाली घालून ऐकून घ्यायचे. आता मी रागावते, अन् मला स्वतःलाच ते खरं नाही वाटत."